पहिले पुस्तक : लेखनाची साधना आणि प्रकाशनाचा व्यवहार

केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. हा सन्मान भाषेच्या दीर्घ परंपरेचा आहे. परंतु परंपरा पुढे चालू राहते ती नव्या लेखनामुळे, आणि नवे लेखन आज केवळ पुण्यामुंबईच्या परिसरातून येत नाही. तालुक्याच्या गावी शिकविणारे शिक्षक, ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका, साखर कारखान्यातील कामगार, शेती सांभाळून रात्री वही उघडणाऱ्या गृहिणी असे समाजाच्या सर्व थरांतील स्त्री-पुरुष आज लिहीत आहेत. त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते यापूर्वी कोणी सांगितलेले नाही.

असे असूनही यातील कितीतरी जणांचे पहिले पुस्तक हेच शेवटचे ठरते. त्याची कारणे शोधू गेल्यास दोन गोष्टी प्रामुख्याने आढळतात. पहिली म्हणजे हस्तलिखित पुरते तयार होण्यापूर्वीच छापखान्यात जाते. दुसरी म्हणजे ते कोणत्या अटींवर छापले जात आहे, याची लेखकास कल्पना नसते. पुस्तक निघते, प्रकाशन समारंभ होतो, हारतुरे होतात. आणि नंतर न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे घराच्या माळ्यावर जातात. त्या गठ्ठ्यांबरोबर लेखकाची उमेदही माळ्यावर जाते. ही हानी एका व्यक्तीची नव्हे. एका परिसराचा अनुभव, तेथील बोली आणि तेथील माणसे साहित्यात येता येता राहून जातात. म्हणूनच नवलेखकाने लेखनाची साधना आणि प्रकाशनाचा व्यवहार या दोन्ही बाजू आरंभीच समजून घेणे हिताचे आहे. प्रस्तुत लेखात त्यांचा क्रमाने परामर्श घेतला आहे.

अनुभवाचे भांडवल

लेखक होण्यासाठी मोठी पदवी अथवा मोठे शहर आवश्यक आहे, हा समज मराठी साहित्याच्या इतिहासाने वारंवार खोटा ठरविला आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा निबंध प्रसिद्ध झाला. महात्मा जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीने मांग व महार समाजाच्या दुःखाविषयी जे लिहिले, ते आज पावणेदोनशे वर्षांच्या सुमारास आले तरी अभ्यासले जाते. लक्ष्मीबाई टिळकांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. वाचन-लेखन त्या विवाहानंतर शिकल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागली आणि मराठी आत्मचरित्रांत त्यांना मानाचे स्थान मिळाले. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरातील माणसांनी उतरवून घेतल्या आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, त्या पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आल्या. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून मुंबईला आले, गिरणीत राबले आणि त्यांनी ‘फकिरा’सारखी कादंबरी लिहिली.

या सर्वांमध्ये एक समान सूत्र आहे. जे जवळून पाहिले आणि भोगले, ते त्यांनी आपल्याच शब्दांत मांडले. नवलेखक पुष्कळदा याच्या उलट वागतो. आपले गाव, आपला धंदा, आपली बोली यांत लिहिण्यासारखे काही नाही, असे समजून तो वाचलेल्या कथांतील बंगले आणि समुद्रकिनारे आपल्या कथेत आणतो. वाचकाला ते तत्काळ ओळखू येते. मात्र ज्याने ऊसतोडणीचा तळ पाहिला आहे, त्याने कोयत्याची मूठ कशी धरतात आणि पहाटेच्या थंडीत मोळी कशी बांधतात एवढे नेमके लिहिले, तरी वाचक पुढचे पान उलटतो.

अनुभव असणे आणि तो हाताशी असणे यांत अंतर आहे. त्यासाठी टिपणवही ठेवण्याची सवय लावून घ्यावी. बाजारात ऐकलेले वाक्य, वृद्धांच्या तोंडचा शब्द, कामाच्या हत्यारांची नावे, पिकांच्या वेळा, सणाची रीत अशा गोष्टी त्या त्या दिवशीच टिपून ठेवाव्यात. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून पूर्ण केली, हे अनेकांस ठाऊक असते. परंतु पाच दिवसांत कागदावर उतरलेले ते सर्व कित्येक वर्षे मनात साठत आलेले होते, हे विसरले जाते.

विशेषणे कमी, तपशील अधिक

शासकीय वृत्त लिहिताना आम्हा माहिती अधिकाऱ्यांना एक धडा लवकर मिळतो. ‘मोठ्या संख्येने ग्रामस्थ उपस्थित होते’ या वाक्याने वाचकाला काहीच कळत नाही; गावाचे नाव, नेमका आकडा आणि झालेले काम सांगितले, तर वृत्ताला वजन येते. ललित लेखनाचे स्वरूप भिन्न असले तरी हा नियम तेथेही लागू पडतो. उदाहरणादाखल पुढील तीन वाक्ये पाहावीत :

‘त्या वर्षी भीषण दुष्काळ पडला. सर्वत्र हाहाकार माजला. शेतकऱ्यांच्या डोळ्यांतील अश्रूदेखील आटून गेले.’

यात शब्द जोरकस आहेत. पण हा दुष्काळ कोणत्याही जिल्ह्यातील, कोणत्याही वर्षीचा असू शकतो. आता हाच आशय असा लिहून पाहावा :

‘मृगात पेरलेली बाजरी श्रावणात जनावरांपुढे टाकली. दसऱ्यानंतर दादांनी एक बैल बाजारात नेला. उरलेल्याने दोन दिवस कडब्याला तोंड लावले नाही.’

दुसऱ्या उताऱ्यात ‘भीषण’ हा शब्द नाही, अश्रूही नाहीत. तरीही दुष्काळ घरात शिरला आहे. वाचकाने काय वाटून घ्यावे हे लेखकाने सांगावयाचे नसते. वाटेल असे काही त्याच्यापुढे ठेवावयाचे असते.

बोलीभाषेविषयीही थोडे सांगणे अगत्याचे आहे. पात्रांच्या तोंडी बोली आणि निवेदनात प्रमाणभाषा ही जुनी रीत आहे. संपूर्ण निवेदनच बोलीत करण्याची रीतही मराठीत रुजली आहे. दोहोंपैकी कोणतीही स्वीकारावी, मात्र ती अखेरपर्यंत सांभाळावी. एका पानावर वऱ्हाडी आणि दुसऱ्यावर पुस्तकी भाषा बोलणारे पात्र वाचकाला खरे वाटत नाही. शिवाय बोलीचा उपयोग केवळ हशा पिकविण्यासाठी केला, तर ती बोलणाऱ्या माणसांचा त्यात अवमान होतो.

शुद्धलेखन ही क्षुल्लक बाब मानू नये. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे चौदा नियम निश्चित केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर घातली. शासनानेही ते स्वीकारले. हे अठरा नियम एका बैठकीत वाचून होतात. हस्तलिखिताच्या पहिल्याच पानावर ऱ्हस्व-दीर्घाच्या दहा चुका आढळल्या, तर संपादकाचे मन पुढील मजकुराविषयी साशंक होते, हे ध्यानात ठेवावे.

शब्दांची पारख वाढविण्यासाठी साधनांची उणीव नाही. दाते आणि कर्वे यांनी संपादिलेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. त्यात बोलींतील आणि निरनिराळ्या व्यवसायांतील शब्दांचा मोठा संग्रह आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याहून जुना. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची व सुधारून वाढविलेली दुसरी १८५७ ची. हे दोन्ही कोश, तसेच मराठी विश्वकोश, आता संगणकावर व भ्रमणध्वनीवरही पाहता येतात. पूर्वी ज्यासाठी जिल्ह्याच्या ग्रंथालयात जावे लागे, ते साधन आज गावातल्या लेखकाच्या हाती आले आहे.

पुनर्लेखन : लेखनाचा मोठा भाग

पहिला खर्डा हा कच्चा माल होय. तो पूर्ण झाल्यावर निदान महिनाभर बाजूस ठेवावा. त्यानंतर तो परक्याने लिहिला आहे, अशा वृत्तीने मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळते, तेथे वाक्य बिघडलेले असते. जेथे वाचताना स्वतःलाच कंटाळा येतो, तेथे वाचक निश्चितच थांबणार.

दुसऱ्या वाचनात रचनेकडे लक्ष द्यावे. कथा नेमकी कोठे सुरू होते? नवलेखकाच्या कथेत पहिली दोन पाने पहाटेच्या आणि पक्ष्यांच्या वर्णनात जातात आणि खरी कथा तिसऱ्या पानावर सुरू होते. ती पहिली दोन पाने काढून पाहावीत. काही अडले नाही, तर ती अनावश्यकच होती असे समजावे. कथेच्या शेवटी तात्पर्य सांगणारा परिच्छेद असल्यास त्यासही हीच कसोटी लावावी. तिसऱ्या वाचनात शब्द तपासावेत. अनेकांना एखादा शब्द प्रिय असतो आणि तो प्रत्येक पानावर डोकावतो. असे शब्द हेरून कमी करावेत.

यानंतर हस्तलिखित दोन-तीन माणसांस वाचावयास द्यावे. ही माणसे केवळ कौतुक करणारी नसावीत. त्यांपैकी एक तरी लेखनाच्या विषयातील जाणकार असावा. कोळ्यांच्या जीवनावर लिहिले असल्यास ते एखाद्या कोळी बांधवाने वाचावे, न्यायालयातील प्रसंग असल्यास वकिलाने वाचावा. ‘आवडले का?’ असे न विचारता ‘कोठे वाचणे सोडावेसे वाटले?’ आणि ‘कोणती गोष्ट खरी वाटली नाही?’ असे विचारल्यास उपयुक्त उत्तर मिळते.

नियतकालिकांची पाठशाळा

पहिलेच लेखन एकदम पुस्तकरूपाने आणण्यापेक्षा ते आधी नियतकालिकांतून प्रसिद्ध होणे अधिक चांगले. मराठीत याची परंपरा मोठी आहे. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांच्या ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः वाचकांपुढे आली. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून दिवाळी अंक हे मराठी लेखकांचे हक्काचे व्यासपीठ बनले. १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे लेखकांशी सविस्तर पत्रव्यवहार करीत, कथा कोठे सैल झाली आहे ते दाखवीत आणि ती पुन्हा लिहून मागवीत. नावारूपास आलेल्या अनेक कथालेखकांची घडण त्या पत्रांतून झाली. साठनंतरच्या दशकात ज्यांना अशा प्रस्थापित मासिकांत आपल्यासाठी जागा दिसली नाही, त्यांनी स्वतःची लघुनियतकालिके काढली. त्यांतूनही मराठी कवितेला नवे वळण मिळाले.

आज तशा प्रकारची मासिके थोडी उरली आहेत, हे खरे. तथापि दिवाळी अंक, वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या, साहित्य संस्थांची मुखपत्रे आणि आकाशवाणीची केंद्रे ही द्वारे खुली आहेत. बालसाहित्य लिहिणाऱ्यांसाठी पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून प्रसिद्ध होत आहे. दिवाळी अंकासाठी लेखन पाठवावयाचे असल्यास ते उन्हाळ्यातच तयार असावे. नवरात्रात पाठविलेल्या कथेला जागा मिळण्याचा संभव नसतो. एकच लेखन एकाच वेळी अनेक संपादकांकडे पाठवू नये. पाठविलेल्या मजकुराची प्रत, तारीख आणि आलेले उत्तर यांची नोंद ठेवावी.

लेखन परत आल्यास खचून जाऊ नये. अंकाचे धोरण, जागेची टंचाई, विषयाची पुनरुक्ती अशी अनेक कारणे त्यामागे असतात. मात्र तीन-चार ठिकाणांहून एकाच दोषाकडे बोट दाखविले गेल्यास तो दोष खरा आहे असे मानून लेखन पुन्हा हाती घ्यावे.

लेखकाचा हक्क आणि करारपत्र

हस्तलिखित प्रकाशकाने स्वीकारल्याचा आनंद मोठा असतो, आणि त्याच आनंदाच्या भरात पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही केली जाते. या ठिकाणी सावधगिरी आवश्यक आहे.

आपल्या देशात लेखकाच्या हक्काचे संरक्षण स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ या कायद्याने होते. लेखन पूर्ण होताच हा हक्क आपोआप निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केल्यास वाद उत्पन्न झाल्यावर ती प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते, एवढेच. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे त्यांचे साहित्य १ जानेवारी २०११ पासून सर्वांस मुद्रणासाठी खुले झाले. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये निवर्तले; त्यांच्या लेखनावरील हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत टिकणार आहे. म्हणजेच आज केलेली सही लेखकाच्या नातवंडांच्या काळापर्यंत परिणाम करू शकते.

कायद्याचे संरक्षण अभिव्यक्तीला आहे, निव्वळ कल्पनेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या नाटकासंबंधीच्या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. धरणग्रस्तांवर कादंबरी लिहिण्याची कल्पना कोणाही एकाच्या मालकीची होऊ शकत नाही. परंतु त्या कल्पनेवरून लिहिलेले प्रसंग, संवाद आणि मांडणी ही लेखकाची असतात. त्याचप्रमाणे इतरांचे लेखन आपल्या नावावर खपविणे हा अपराध होय, हे वेगळे सांगावयास नको.

हक्काच्या हस्तांतरणाविषयी या कायद्यातील काही तरतुदी प्रत्येक नवलेखकास ठाऊक असाव्यात. हस्तांतरण लेखी आणि लेखकाच्या सहीचे असल्याशिवाय ते वैध ठरत नाही. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि कोणत्या मोबदल्यात दिले, हे त्यात नमूद असावे लागते. मुदत लिहिली नसल्यास ती पाच वर्षे मानली जाते. प्रदेश लिहिला नसल्यास तो भारतापुरता समजला जातो. हक्क घेणाऱ्याने एक वर्षात त्यांचा वापर केला नाही, तर करारात वेगळे म्हटले नसल्यास ते हक्क संपुष्टात येतात. हक्क दिल्यावरही लेखक म्हणून आपले नाव लागण्याचा, तसेच आपल्या प्रतिष्ठेस बाधक अशी मोडतोड रोखण्याचा विशेष अधिकार लेखकाकडे राहतो. करार करताना जे माध्यम अस्तित्वात अथवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख करारात नसल्यास हस्तांतरण त्या माध्यमास लागू होत नाही, अशी सुधारणा २०१२ मध्ये करण्यात आली. ई-पुस्तके आणि श्राव्य पुस्तके यांच्या आजच्या काळात ही तरतूद महत्त्वाची आहे.

या पार्श्वभूमीवर सही करण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे करारपत्रात आहेत की नाहीत, ते पाहावे :

१. करार एका आवृत्तीपुरता आहे की ठरावीक वर्षांसाठी? ‘सर्व हक्क कायमचे’ असे शब्द त्यात आहेत काय?

२. आवृत्ती किती प्रतींची? मानधन छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर, किती टक्के आणि कोणत्या महिन्यात मिळणार?

३. विक्रीचा हिशेब वर्षातून किती वेळा आणि लेखी स्वरूपात मिळेल काय?

४. अनुवाद, नाट्यरूपांतर, चित्रपट, ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक यांचे हक्क कोणाकडे राहतील?

५. आवृत्ती संपल्यावर किती काळात नवी आवृत्ती न निघाल्यास हक्क लेखकाकडे परत येतील?

६. लेखकास किती प्रती विनामूल्य मिळतील आणि अधिक प्रती कोणत्या सवलतीने?

हे प्रश्न विचारल्याने कोणताही सचोटीचा प्रकाशक रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याविषयी लेखकाने विचार करावा. गावातील वकिलास कराराचा मसुदा दाखविण्यास लागणारी एक संध्याकाळ वाया जात नाही.

स्वखर्चाचे पुस्तक

काही ठिकाणी लेखकाकडूनच छपाईचा खर्च घेऊन पुस्तक काढले जाते. यात गैर काहीच नाही. पण तो व्यवहार मुद्रणाचा आहे, हे लेखकास स्वच्छ माहीत असावे. पैसे लेखकाने दिले असतील, तर प्रती त्याच्या मालकीच्या असावयास हव्यात आणि हक्कही त्याच्याकडेच राहावयास हवेत. पैसेही लेखकाचे आणि हक्क मात्र प्रकाशकाचे, अशी अट मान्य करू नये. विक्रेत्याचे कमिशन, टपालखर्च आणि प्रती ठेवण्याची जागा यांचा विचार आधी करावा. थोड्या थोड्या प्रती मागणीनुसार छापण्याची सोय आज उपलब्ध असल्यामुळे एकदम हजार प्रती छापण्याचा अट्टहास धरण्याचे कारण उरलेले नाही.

पुस्तकास आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्रंथ क्रमांक घ्यावा. केंद्र शासनाच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेमार्फत तो विनामूल्य मिळतो. तसेच ग्रंथ प्रदान अधिनियम, १९५४ अन्वये प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकाता येथील राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील निर्दिष्ट ग्रंथालयांस पाठविणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. स्वतः प्रकाशन करणाऱ्या लेखकासही हे लागू पडते. यामुळे निदान पुस्तकाची नोंद आणि प्रत कायम जतन होते.

उपजीविका आणि लेखन

केवळ पुस्तकांवर चरितार्थ चालेल काय, हा प्रश्न प्रत्येक नवलेखकाच्या मनात असतो. त्याचे उत्तर हिशेबानेच द्यावे. समजा, दोन वर्षे खपून एक कादंबरी लिहिली. तिची किंमत २५० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची आणि मानधन छापील किमतीच्या दहा टक्के. सर्व प्रती विकल्या गेल्या तरी लेखकाच्या हाती १२,५०० रुपये पडतात. म्हणजे महिन्याला सुमारे ५२० रुपये. हे पाहिल्यावर नोकरी सोडून लेखक होण्याचा निश्चय करणाऱ्याने थोडे थांबणे बरे.

परंतु यात निराश होण्यासारखे काही नाही. श्री. ना. पेंडसे यांनी मुंबईत बेस्टमधील नोकरी सांभाळून कोकणच्या कादंबऱ्या लिहिल्या. व्यंकटेश माडगूळकर यांनी पुणे आकाशवाणीवर ग्रामीण श्रोत्यांसाठी कार्यक्रम केले. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत. नारायण सुर्वे गिरणी कामगार होते, शाळेत शिपाई होते आणि पुढे शिक्षक झाले. विश्वास पाटील यांनी प्रशासकीय सेवेत असताना ‘पानिपत’ आणि ‘झाडाझडती’ या कादंबऱ्या लिहिल्या. पोटापाण्याच्या कामामुळे वेळ कमी मिळतो, तशीच त्या कामातून माणसेही भेटतात. शिवाय घर चालविण्याची चिंता नसल्याने लेखकाला घाईने छापण्याची अथवा वाटेल त्या करारावर सही करण्याची पाळी येत नाही. ज्या सेवकांना वर्तणुकीचे नियम लागू आहेत, त्यांनी प्रकाशनापूर्वी ते पाहून आवश्यक ती परवानगी घ्यावी.

ज्यांना लेखणीवरच उपजीविका करावयाची आहे, त्यांनी कथा-कादंबरीच्या जोडीला अर्थार्जन करून देणारे लेखन शिकून घ्यावे. अनुवाद, संपादन, मुद्रितशोधन, नभोवाणी व दूरचित्रवाणीसाठी संहितालेखन, श्राव्य पुस्तकांची संहिता, माहितीपर पुस्तके ही सर्व क्षेत्रे मराठीत विस्तारत आहेत. त्यांत मुदतीत काम देणारा, शुद्ध लिहिणारा आणि केलेल्या कामाचे देयक वेळेवर पाठविणारा लेखक टिकतो. या लेखनास दुय्यम समजण्याचे कारण नाही. त्यातून हातही घडतो.

शासन आणि साहित्य संस्था

नवलेखकाच्या पाठीशी काही संस्था उभ्या आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे पहिले अध्यक्ष. मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेखाली, ज्यांचे पुस्तक अद्याप प्रकाशित झालेले नाही अशा लेखकांच्या पहिल्या पुस्तकास अनुदान दिले जाते. हस्तलिखित तज्ज्ञांकडून तपासले जात असल्यामुळे अनुदानाइतकाच त्या तपासणीचाही लाभ होतो. योजनेची मुदत आणि अटी यांसाठी मंडळाचे चालू वर्षाचे पत्रक पाहावे. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी स्वतंत्र पारितोषिके आहेत. त्यामुळे पहिल्या पुस्तकाची स्पर्धा नामवंतांच्या दहाव्या पुस्तकाशी होत नाही.

पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ पासून, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ पासून आणि मराठवाडा साहित्य परिषद १९४३ पासून कार्यरत आहेत. त्यांच्या शाखांमधून होणाऱ्या कार्यशाळा आणि वाचनाचे कार्यक्रम नवलेखकाने चुकवू नयेत.

याखेरीज एक काम गावपातळीवर सहज होण्यासारखे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेली ग्रंथालये राज्यभर पसरलेली आहेत. अशा प्रत्येक तालुका ग्रंथालयाने महिन्यातून एक संध्याकाळ हस्तलिखितांच्या वाचनासाठी राखून ठेवावी. त्यात परिसरातील लेखकांनी आपले अप्रकाशित लेखन वाचावे, श्रोत्यांनी मोकळेपणाने मत द्यावे आणि जाणकार वकिलाने वर्षातून एकदा करारपत्राविषयी माहिती द्यावी. यासाठी खर्च एका सतरंजीचा आणि चहाचा. अशा बैठकीतून निघालेले पुस्तक छापखान्यात जाण्यापूर्वीच वीस-पंचवीस वाचकांच्या कसोटीस उतरलेले असेल.

पहिले पुस्तक एक वर्ष उशिरा निघाल्याने कोणाचेच नुकसान होत नाही. त्या वर्षात ते आणखी दोनदा लिहून काढावे, चार जाणत्यांकडून वाचून घ्यावे आणि करारपत्र नीट तपासावे. मग प्रकाशन समारंभानंतर लेखकापुढे दुसऱ्या पुस्तकाचा कोरा कागद असेल, आणि पहिल्या पुस्तकाच्या प्रती वाचकांच्या हाती असतील.